कमी दिवसांच्या बाळाच्या घरातली भाषा कमी करू नका

प्रति,
पुण्यातील नवजात शिशुतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, बालमानसतज्ज्ञ, तसेच प्लेग्रुप, नर्सरी आणि बालवाड्या चालवणाऱ्या मुख्याध्यापिका

सप्रेम नमस्कार.

"घरात एकच भाषा ठेवा." पुण्यातल्या फॉलोअप ओपीडीत हे वाक्य फार सहज सांगितलं जातं. बाळ कमी दिवसांचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेलं, मेंदूवर आधीच ताण, त्यात दोन-दोन भाषांचं ओझं कशाला, असा त्यामागचा विचार. त्याला जोडून बहुतेकदा पुढचं वाक्यही येतं: "पुढे इंग्लिश मीडियमलाच घालणार ना? मग आतापासून इंग्लिशच बोला." सांगणारे मनापासून सांगतात, याबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला कशाच्या आधारावर दिला जातो ते शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं, आणि त्याची किंमत मात्र घरात लगेच चुकवावी लागते. म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही, एका बँकेत नोकरी करते. माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन सव्वा किलोच्या आत. मी साताऱ्याची, नवरा धारवाडचा. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अव्वांना, मराठी कळतं पण बोलताना अडखळायला होतं. मी नोकरीवर रुजू झाल्यापासून मुलीचं सगळं त्यांच्याकडेच असायचं. तेल लावताना, भरवताना, बाल्कनीत कावळे दाखवताना त्यांची अखंड कन्नड बडबड चाले. मुलगी दोन शब्द जोडून बोलत नाही म्हणून आम्ही तज्ज्ञांकडे गेलो आणि वर लिहिलेला सल्ला घेऊन परत आलो. अव्वांनी तो आमच्यापेक्षा जास्त इमानाने पाळला. भाताचा घास त्या आता न बोलता भरवू लागल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मराठी चुकेल म्हणून बोलवत नव्हतं आणि कन्नड "बाळाला त्रासदायक" ठरलं होतं.

मुलीचं पुढे काय झालं, हे मी मुद्दाम लिहीत नाही. ती आज कशी आहे यावरून कुठलीच बाजू सिद्ध होत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की सल्ला भाषेविषयी होता, पण त्यामुळे घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस गप्प झालं. तुमच्या केसपेपरवर याची नोंद कुठेच होत नाही.

आता पुराव्याकडे येते. तो माझ्या बाजूने स्वच्छ आहे असा दावा मी करणार नाही. बर्लिनमधून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमध्ये ज्यांचे पालक द्विभाषिक होते त्यांचा बौद्धिक विकास चाचणीत हळू दिसला. हा अभ्यास गैरसोयीचा आहे, पण तो डावलून पुढे जाणं मला पटत नाही. त्याचबरोबर हेही विचारायला हवं की बर्लिनमध्ये घरी दोन भाषा बोलणारं कुटुंब कोणतं असतं. बहुतेकदा स्थलांतरित. त्याचं उत्पन्न, शिक्षण, दवाखान्यापर्यंतची पोच, आणि चाचणी घेणाऱ्याची भाषा, हे सगळं भाषेच्या रकान्यात मिसळून येतं. ते वेगळं काढणं सोपं नाही.

दुसऱ्या टोकाला मायामीतला २०२० सालचा अभ्यास आहे, स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या मुलांवरचा. त्यात पत्ते लावायचा एक साधा खेळ वापरला होता. आधी पत्ते रंगाप्रमाणे लावायचे, मग अचानक सांगायचं, आता आकाराप्रमाणे लाव. जुना नियम सोडून नवा धरणं लहान मुलाला अवघड जातं, आणि कमी दिवसांच्या मुलांना तर जास्तच, कारण लक्ष टिकवणं, मन आवरणं, एक गोष्ट ध्यानात ठेवून दुसरी करणं यांत ती हमखास मागे पडतात. या खेळात कमी दिवसांची द्विभाषिक मुलं कमी दिवसांच्या एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरली. पण अभ्यास लहान आहे. शिवाय द्विभाषिकांचा मेंदू जास्त चपळ असतो, या एकेकाळी फार गाजलेल्या मताला अलीकडे चांगलाच धक्का बसला आहे. अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलांच्या २०१९ सालच्या विश्लेषणात असा फायदा सापडला नाही. तेव्हा "दोन भाषा बोला, मूल हुशार होईल" असं सांगणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांनाही मी तुमच्या सल्ल्याइतकंच दूर ठेवते.

माझं म्हणणं त्याहून लहान आहे. घरातली भाषा बंद केल्याने कमी दिवसांच्या मुलाचं बोलणं किंवा बुद्धी सुधारते, असं दाखवणारा अभ्यास मला सापडलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मी वाचेन. ज्यांना भाषा शिकणं आमच्या मुलांपेक्षाही जड जातं, अशांच्या बाबतीत उलट चित्र दिसतं. भाषा-विकासाचा दोष असलेल्या फ्रेंच-इंग्रजी मुलांवर २००३ साली कॅनडात झालेलं काम, डाऊन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांवर २००५ साली झालेलं काम, दोन्ही ठिकाणी द्विभाषिक मुलं आपल्यासारखीच अडचण असलेल्या एकभाषिक मुलांपेक्षा मागे नव्हती. अडचण होतीच, पण ती दुसऱ्या भाषेमुळे वाढलेली नव्हती.

मग बोलणं कशाने वाढतं? अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स इथल्या बेटी व्होर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम तुम्ही वाचलं असेलच. एनआयसीयूमधल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) ३६ बाळांच्या अंगावर लहानसं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून त्यांनी मोठ्यांचे शब्द आणि बाळांचे आवाज मोजले. बत्तिसाव्या आठवड्यातच बाळं आवाज काढू लागतात, म्हणजे अजून आईच्या पोटात असायला हवी होती तेव्हा. आणि त्या आठवड्यांत ज्या बाळांच्या कानावर मोठ्यांचं बोलणं जास्त पडलं, त्यांचे अठराव्या महिन्यातले भाषेचे गुण जास्त होते. तासाला शंभर शब्द जास्त, तर सुमारे दोन गुण जास्त, असं ते प्रमाण निघालं. ते यंत्र शब्द मोजतं. भाषा कोणती, हे त्याला कळत नाही.

इथे माझ्यासारखीला प्रश्न पडतो. बोलण्याचं प्रमाण आणि मुलाशी होणारी देवाणघेवाण इतकी महत्त्वाची असेल, तर बोलणाऱ्यांची संख्या कमी करणारा सल्ला आपण देतोच कसा? ज्याला जी भाषा घोटून येते त्याच भाषेत तो मोकळं बोलतो, गोष्ट रचतो, खोटं रागावतो, मुलाने काढलेल्या आवाजाला उत्तर देतो. परक्या भाषेत आईवडील बोलतात ते "कम हिअर", "डोन्ट टच", "व्हॉट कलर इज धिस" एवढंच. आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी अर्धा तास बसा, हे मी सांगायची गरज उरणार नाही.

वडारवाडीतली आई घरी वडारी बोलते, पिंपरी कॅम्पात सिंधी, पेठांत मारवाडी आणि गुजराती, बांधकामाच्या साइटवरच्या शेडमध्ये लमाणी नाहीतर तेलुगू. या शहराची मुलं अशीच वाढत आली आहेत. पंडित भीमसेन जोशी गदगहून आले आणि पुण्याचेच झाले, कन्नड दासपदं आणि मराठी अभंग एकाच गळ्यातून गायले. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे फर्ग्युसनमध्ये शिकून गेले आणि कन्नडचे थोर कवी झाले. (त्यांचं जन्मवजन कुणी नोंदवलेलं नाही, तेव्हा हा पुरावा म्हणून घेऊ नका.) २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास चारांपैकी एका माणसाने आपल्याला दुसरी भाषा येते असं सांगितलं. दोन भाषांचं घर ही इथे नवी गोष्ट नाही. ज्या देशांत एकभाषिक घर नेहमीचं आहे, तिथल्या पाठ्यपुस्तकांतून हा सल्ला आपल्याकडे आला असावा, असा माझा संशय आहे.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. २०२५ साली पहिलीपासून हिंदीवरून जो वाद झाला त्याचा या पत्राशी संबंध नाही. शाळेत कोणती भाषा कधी शिकवायची हा वेगळा विषय आहे. मी दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आजी काय बोलते, त्याबद्दल बोलते आहे.

चाचण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गोंधळाचं मूळ मला तिथे दिसतं. आपल्याकडे अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी डॅसी वापरतात. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या मुलांवर प्रमाणित केलेली ही चाचणी, हालचालींचे ६७ आणि बौद्धिक १६३ घटक असलेली. तिची सुधारित पुस्तिका १९९७ साली पुण्यातूनच निघाली. चाचणी आपल्या मातीतली आहे याचा मला अभिमान वाटतो. पण मुलाला "बॉल दे" असं मराठीत किंवा इंग्रजीत सांगितलं आणि घरी त्या वस्तूचं नाव त्याने कन्नडमध्येच ऐकलेलं असेल, तर ते मूल वस्तू देणार नाही आणि तुमच्या कागदावर तिथे उणे पडेल. अमेरिकेत फार कमी दिवसांच्या मुलांवर २०१३ साली झालेल्या अभ्यासात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांचे भाषेचे गुण कमी आले, बुद्धीचे मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बरोबरीचे होते. म्हणजे उणे पडलं ते नेमकं कशात, हे चाचणी संपल्यावर थांबून बघावं लागतं.

शब्दसंख्येचंही तसंच. मायामीतच १९९३ साली बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की द्विभाषिक बाळांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले की ती एकभाषिक बाळांच्या बरोबरीला येतात. एकाच भाषेचे मोजले की मागे वाटतात. आमच्या मुलीची फक्त मराठी यादी विचारली गेली. कन्नड शब्द कुणी विचारलेच नाहीत, आणि ज्यांना ते माहीत होते त्या अव्वा बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत दोघांनाच सोडत होते.

आणि वय. सुधारित वय, म्हणजे बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं वय, तुम्ही आम्हाला पहिल्याच भेटीत शिकवता, पण भाषेच्या प्रश्नापाशी आलं की ते विसरलं जातं. चिलीत मार्सेला पेन्या यांनी तीन महिने आधी जन्मलेल्या बाळांवर काम केलं आहे. ही बाळं नऊ महिन्यांची झाली तरी भाषा ओळखण्याच्या बाबतीत पूर्ण दिवसांच्या सहा महिन्यांच्या बाळांसारखी वागली. कानावर बोलणं तीन महिने आधीपासून पडत होतं, तरी मेंदू त्याच्या वेळेनेच पिकतो. या उशिराला घरातल्या दोन भाषा जबाबदार नाहीत.

खरी भीती दुसरीच आहे. "दोन भाषांमुळे उशीर होतोय" असं एकदा म्हटलं की शोध तिथेच थांबतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. कमी दिवसांच्या बाळाला ऐकू न येण्याचा धोका जास्त असतो. जेंटामायसिन-अमिकासिनसारख्या औषधांनी आतल्या कानाला इजा होऊ शकते. जास्त वाढलेल्या काविळीतून मज्जातंतूच्या पातळीवर दोष राहू शकतो, आणि साध्या ओएई तपासणीत, म्हणजे फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीत, तो सुटू शकतो. म्हणूनच एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची बेरासारखी, म्हणजे आवाज मज्जातंतूतून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी, तपासणी व्हावी असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीचं मार्गदर्शन आहे. आमच्या पालकांच्या गटात "दोन भाषांमुळे असेल, थांबा" हे ऐकून थांबलेले पालक आहेत. मुलाला नीट ऐकू येतं का, हे त्यांना कुणी त्याआधी विचारलेलं नव्हतं. घरातली भाषा बदलायला सांगणं फुकट असतं, बेराला पैसे आणि झोपलेलं बाळ लागतं. सल्ल्यांची क्रमवारी यावरून ठरत नसेल, अशी आशा करते.

आमच्या मुलांना पुढे अडचणी येतात हे मी नाकारत नाही. पुण्याइतका याचा दीर्घ अनुभव देशात फार थोड्या शहरांना असेल. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत होता, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी, आणि लिहिणं व गणित त्यांना जड जात होतं. हे काम वाचल्यावर मला धीरही आला आणि डोळेही उघडले. जगात सर्वाधिक कमी दिवसांची बाळं आपल्या देशात जन्मतात, २०२० साली सुमारे ३० लाख. ती जगावीत यासाठी तुम्ही रात्री जागवता. त्यांच्या शाळेतल्या अडचणींसाठी लागणारी तयारी वेळेवर व्हायला हवी, आणि ती तयारी भाषेवर खापर फोडल्याने मागे पडते.

शाळांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. प्रवेशाच्या वेळी "घरी इंग्लिश बोला" हे सांगणं थांबवा. तीन वर्षांचं मूल वाक्यात दोन भाषा मिसळतं ते गोंधळून नव्हे, त्याचे मोठेही तसंच बोलतात. आणि कमी दिवसांचं मूल एका जागी बसत नाही, सूचना अर्धवट ऐकतं, तेव्हा "घरच्या भाषेमुळे समजत नाही" असं रिमार्कमध्ये लिहिण्याआधी त्याच्या आईला जन्माचा आठवडा विचारा. ती सांगेल. आम्ही तो विसरत नाही.

तज्ज्ञांकडे मागणं थोडं जास्त आहे. केसपेपरवर बाळाशी दिवसभर कोण बोलतं आणि कोणत्या भाषेत, याची नोंद व्हावी. ते माणूस आजी असेल तर तपासणीच्या वेळी तिलाही आत घ्या. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मोजा. लमाणी किंवा तेलुगू तुम्हाला येणार नाही हे साहजिक आहे, पण बोलणारी आई समोरच बसलेली असते, तिच्याकडून सूचना देववता येतात. ऐकण्याची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय बोलण्याच्या उशिराचं कारण ठरवू नका. आणि एवढं करूनही एखाद्या घरात भाषा कमी करायलाच हवी असं तुमचं मत झालं, तर ते कारणासह लेखी द्या, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जिल्हा पातळीवर लवकर निदानाची केंद्रं उभी राहत आहेत. तिथे येणाऱ्या बाया दुसरं मत घ्यायला खाजगीत जाऊ शकत नाहीत. त्यांना तुमचं पहिलं मत हेच शेवटचं असतं.

एनआयसीयूतल्या परिचारिकांनाही एक विनंती. कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून, आई बसते तेव्हा ती बहुधा गप्प असते. नळ्या आणि मॉनिटर बघून तिचा आवाज फुटत नाही, आणि आपली भाषा इथे चालेल का, हीही शंका असते. हळू आवाजात, तुमच्या घरच्या भाषेत बोला, असं तिला कुणीतरी सांगावं लागतं.

घरी सोडताना जे कार्ड मिळतं त्यावर लसी, लोह, डोळ्यांच्या तपासणीची तारीख असते. त्यात एवढी एक ओळ घालता येईल: ज्याला जी भाषा येते त्याने बाळाशी त्या भाषेत भरपूर बोलावं. कन्नड ओळ मी लिहून देते. तेलुगू, गुजराती, सिंधी आणि मारवाडीसाठी आमच्या पालकांच्या गटात माणसं तयार आहेत. लमाणीसाठी शोधतो आहोत, तुमच्या वॉर्डातल्या मावशींपैकी कुणाला येत असेल तर कळवा.

आपली नम्र,
एका कमी दिवसांच्या मुलीची आई
सिंहगड रस्ता, पुणे